केस मिटली, खरं तुमचा डीएनए कुठं राहिला?

एक नोव्हेंबर जवळ आला की आपल्याकडं बेळगाव सीमाभागात दोन चर्चा ठरलेल्या, मराठी भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीला परवानगी मिळणार का आणि यंदा १०७, म्हणजे शांतता राखायचा बॉण्ड मागणारं कलम, कुणाकुणावर लागली. ह्या केसेसची आपल्याला इतकी सवय झालीय की ठाण्यात जाऊन सही करायची, बॉण्ड लिहून द्यायचा, जामीन घ्यायचा, वकिलाबरोबर चार तारखांना कोर्टात उभं राहायचं आणि घरी यायचं, विषय संपला. पूर्वी तो बऱ्यापैकी संपायचासुद्धा. २०२२ पासून त्यात एक नवीन गोष्ट आलीय आणि तिच्याबद्दल आपल्या भागात फारसं कुणी बोलत नाही म्हणून हे लिहायला बसलोय. ती गोष्ट म्हणजे तुमच्या अंगातला डीएनए, तो पोलीस कधी घेऊ शकतात, कुठं ठेवतात, किती वर्षं ठेवतात आणि तुम्ही निर्दोष सुटलात तर त्याचं काय होतं.

कायद्याचं नाव क्रिमिनल प्रोसिजर आयडेंटिफिकेशन ॲक्ट, २०२२. त्या वर्षीच्या ४ ऑगस्टपासून तो लागू आहे. त्याआधी इंग्रजांनी केलेला १९२० चा कायदा होता, त्यात बोटांचे ठसे, पायाचे ठसे, अंगाची मापं आणि फोटो एवढ्यावर काम भागायचं. नवीन कायद्यानं तळहाताचे ठसे, डोळ्यांचं स्कॅन, सही, हस्ताक्षर आणि 'जैविक नमुने व त्यांचं विश्लेषण' हे सगळं त्यात घातलं, आणि ह्या सगळ्याला मिळून कायदा 'मापं' म्हणतो. जैविक नमुने म्हणजे रक्त, थुंकी, केस वगैरे, आणि त्यांचं विश्लेषण म्हटलं की त्यात डीएनए आलाच. हे रेकॉर्ड दिल्लीला एनसीआरबीकडं, म्हणजे नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोकडं, नमुना घेतल्या तारखेपासून ७५ वर्षं राहतं. वीस वर्षांच्या पोराचा नमुना आज घेतला तर तो पंचाण्णव वर्षांचा होईपर्यंत.

आता कुणी म्हणेल, राहू दे की, आपण चोर नाही तर भ्यायचं कशाला. हा प्रश्न मी बऱ्याच भल्या माणसांच्या तोंडून ऐकलाय आणि तो वेडा प्रश्न नाही, त्याला नीट उत्तर द्यायला पाहिजे. त्यासाठी आधी डीएनए टेस्टमध्ये नेमकं काय बघतात ते समजून घेऊया.

आपल्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए असतो, अर्धा आईकडून आलेला, अर्धा बापाकडून. दोन माणसांचा डीएनए साधारण ९९.९ टक्के सारखाच असतो, मग ओळख पटणार कशी? तर डीएनएमध्ये काही ठरावीक जागा अशा असतात की तिथं तीच तीच चार अक्षरं एकामागून एक परत परत येतात, ए-जी-ए-टी, ए-जी-ए-टी, ए-जी-ए-टी असं. किती वेळा येतात ते माणसागणिक बदलतं. एखाद्या जागेवर तुम्हाला बापाकडून ९ वेळा आणि आईकडून १२ वेळा आलेलं असेल, तर त्या जागेचा तुमचा आकडा ९ आणि १२. दुसऱ्या जागेवर १५ आणि १५ असेल. अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआय पूर्वी अशा १३ जागा बघायची, २०१७ पासून २० बघते. वीस जागा म्हणजे चाळीस आकडे, आणि हे चाळीसच्या चाळीस आकडे दोन परक्या माणसांचे जुळणं जवळपास अशक्य, एकसारखी दिसणारी जुळी भावंडं सोडली तर. ह्या आकड्यांच्या ओळीला डीएनए प्रोफाइल म्हणतात आणि कॉम्प्युटरच्या डेटाबेसमध्ये ही ओळ असते.

इथं एक फरक पक्का डोक्यात ठेवा. नमुना वेगळा आणि प्रोफाइल वेगळं. नमुना म्हणजे शेत म्हटलं तर प्रोफाइल म्हणजे त्याचा उतारा. उताऱ्यावर सर्व्हे नंबर आणि क्षेत्र कळतं, जमिनीत काय पिकेल ते कळत नाही. प्रोफाइलवरून तुमची ओळख, तुम्ही पुरुष की बाई आणि तुमचं कुणाशी रक्ताचं नातं आहे एवढं कळतं. खरं नमुना, म्हणजे ते रक्ताचं कार्ड नाहीतर गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा स्वॅब, तो फ्रीजमध्ये ठेवलेला असला तर उद्या कुणीही त्यातून तुमचे आनुवंशिक आजार, तुमचं कूळमूळ, काय वाट्टेल ते वाचू शकतं. म्हणून इंग्लंडनं २०१२ च्या कायद्यात लिहून टाकलं की प्रोफाइल तयार झालं की नमुना नष्ट करायचा, फार तर सहा महिन्यांच्या आत. आपल्या कायद्यात नमुना आणि त्याचं विश्लेषण दोन्ही एकाच दावणीला बांधलंय, असा वेगळा नियम मूळ कायद्यात नाही.

मी डीएनए टेस्टच्या विरोधात नाही हे आत्ताच सांगतो, नाहीतर पुढचं सगळं उलटं वाचलं जाईल. ह्या टेस्टनं पहिल्याच मोठ्या केसमध्ये काय केलं बघा. इंग्लंडमध्ये लेस्टर युनिव्हर्सिटीच्या ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए फिंगरप्रिंटिंगचा शोध लावला. त्याच लेस्टरच्या शेजारच्या खेड्यांत १९८३ आणि १९८६ ला दोन शाळकरी मुलींवर बलात्कार करून त्यांचा खून झाला होता. पोलिसांनी एका सतरा वर्षांच्या पोराला धरलं आणि त्यानं दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली. जेफ्रीज यांच्या टेस्टमध्ये निघालं की दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे आहेत आणि तो माणूस हा पोरगा नाहीच. म्हणजे डीएनएनं आधी एका निरपराध पोराला वाचवलं, गुन्हेगार नंतर सापडला. मग पोलिसांनी आसपासच्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले आणि खऱ्या गुन्हेगारानं काय केलं, आपल्या जागी कामावरच्या सोबत्याला पाठवलं. तो सोबती दारूच्या गुत्त्यात बोलून गेला, कुणीतरी ते ऐकून पोलिसांना सांगितलं म्हणून तो सापडला. १९८८ ला त्याला जन्मठेप झाली. हजारो निरपराध माणसांची रक्तं गोळा केली आणि गुन्हेगाराचं नाव कळलं ते माणसाच्या तोंडून, हे विसरू नका.

अमेरिकेत कबुलीवर नाहीतर चुकीच्या ओळखपरेडवर वर्षानुवर्षं जेलमध्ये सडलेली साडेतीनशेहून जास्त माणसं डीएनएमुळं बाहेर आली, त्यातली काही फाशीच्या कोठडीतली. आणि १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडलं तेव्हा ओळख न पटण्यासारख्या झालेल्या मृतदेहांना त्यांची माणसं परत मिळाली ती नातेवाइकांनी दिलेल्या नमुन्यांमुळंच. पूर आला की मलप्रभेत, कृष्णेत वाहून आलेलं बेवारस प्रेत असतं, त्याचं नाव लागलं तर एखाद्या आईची वाट बघणं संपेल. हे सगळं पाहिजेच.

खरं एका केसमध्ये दोन नमुने शेजारी ठेवून जुळवणं आणि लाखो माणसांचे नमुने कायमचे जमवून ठेवून प्रत्येक नव्या गुन्ह्यात त्या सगळ्यांना फिरून फिरून संशयित म्हणून तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम म्हणजे तपास. दुसऱ्या कामाला डेटाबेस म्हणतात, आणि भांडण आहे ते ह्या दुसऱ्यावर.

इंग्लंडनं १९९५ ला देशाचा डीएनए डेटाबेस चालू केला आणि नियम हळूहळू इतके सैल केले की नुसती अटक झाली तरी नमुना घ्यायचे आणि निर्दोष सुटला तरी ठेवून द्यायचे. शेफिल्डमधला एक ११ वर्षांचा पोरगा, जबरी चोरीच्या प्रयत्नाचा आरोप, कोर्टानं निर्दोष सोडला. आणखी एक माणूस, घरातल्या भांडणाची केस, ती मागंच घेतली गेली. दोघांनी म्हटलं आमचे नमुने काढून टाका, पोलीस म्हणाले नाही. इंग्लंडच्या सगळ्या कोर्टांत ते हरले आणि शेवटी युरोपच्या मानवी हक्क कोर्टात गेले. ४ डिसेंबर २००८ ला तिथल्या १७ न्यायाधीशांनी एकमतानं निकाल दिला की गुन्हा सिद्ध न झालेल्या माणसाचा डीएनए असा सरसकट, कसलाही भेद न करता ठेवून देणं हे त्याच्या खाजगी आयुष्यावरचं अतिक्रमण आहे. तोपर्यंत त्या डेटाबेसमध्ये ४५ लाखांवर प्रोफाइल्स साठली होती. पुढं कायदा बदलला आणि १७ लाखांहून जास्त प्रोफाइल्स पुसली गेली. सांगायचा मुद्दा असा की पुसता येतं, जग बुडत नाही.

कुवेतनं तर २०१५ ला कायदाच केला की देशातल्या प्रत्येक माणसानं डीएनए द्यायचा, नागरिक असो की नोकरीला आलेला असो. आपल्या भागातलीसुद्धा माणसं आखातात आहेत, त्यांनाही तो लागू झाला असता. २०१७ ला तिथल्या घटनात्मक कोर्टानं तो रद्द केला.

आता 'डीएनए कधी खोटं बोलत नाही' ह्या वाक्याकडं येतो. डीएनए खोटं बोलत नाही हे मान्य, खरं डीएनए फक्त एवढंच सांगतो की ह्या माणसाची पेशी ह्या जागेवर सापडली. ती तिथं कशी आली, कधी आली, कुणी आणली हे तो सांगत नाही. जर्मनीत हाइलब्रॉन गावात २००७ ला एका पोलीस बाईचा खून झाला आणि गाडीत एका अनोळखी बाईचा डीएनए सापडला. तोच डीएनए त्याआधी आणि नंतरही जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या चाळीसभर गुन्ह्यांत मिळाला, खून, चोऱ्या, सगळं. अख्खं पोलीस खातं त्या बाईला शोधत होतं. २००९ ला कळलं की अशी गुन्हेगार बाई नाहीच, तो डीएनए नमुना घ्यायच्या कापसाच्या काड्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या एका कामगार बाईचा होता. कॅलिफोर्नियात २०१२ ला खून झालेल्या माणसाच्या नखांत एकाचा डीएनए मिळाला, त्याला महिनोन्महिने आत ठेवलं आणि मग निघालं की खुनाच्या रात्री तो दारू पिऊन बेशुद्ध होऊन हॉस्पिटलमध्ये होता. ज्या ॲम्ब्युलन्सवाल्यांनी त्याला आणलं तेच पुढं खुनाच्या जागी गेले होते, त्यांच्याकडून तो डीएनए तिथं पोचला. त्या माणसाचं प्रोफाइल आधीपासून डेटाबेसमध्ये होतं म्हणून तो अडकला हे लक्षात घ्या. ज्याचं प्रोफाइल तिथं नाही त्याच्यावर ही पाळी येतच नाही. डेटाबेसमध्ये असणं म्हणजे अशा प्रत्येक गफलतीच्या टप्प्यात कायमचं उभं असणं.

इंग्लंडमध्येच १९९९ ला एका आजारी माणसाला, ज्याला धड चालायला जमत नव्हतं, तीनशे किलोमीटरच्या आसपास लांबच्या घरफोडीत धरलं कारण सहा जागांवर त्याचा डीएनए जुळला होता आणि असं जुळायची शक्यता ३ कोटी ७० लाखांत एक असं सांगितलं होतं. वकिलानं जोर लावून दहा जागा तपासायला लावल्या तेव्हा जुळलं नाही. ३ कोटी ७० लाखांत एक हा आकडा ऐकून आपल्याला वाटतं झालं, सिद्ध झालं. खरं जेव्हा तुम्ही एका संशयिताला नाही तर लाखो माणसांच्या यादीला एकदम विचारताय, 'तुमच्यात कोण जुळतंय', तेव्हा योगायोगानं जुळणारा एखादा निघायची शक्यता तेवढ्या पटीनं वाढते. यादी जेवढी मोठी तेवढं हे जास्त.

आपल्याकडं तर लॅबच्या आधीच घोळ होतो. नमुना म्हणजे काय असतं ते डोळ्यासमोर आणा. सरकारी दवाखान्यात डॉक्टर रक्ताचे थेंब एका जाड कागदी कार्डावर घेतात, ते सावलीत वाळवायचं, पाकिटात घालायचं, पाकिटावर क्राइम नंबर, नाव, तारीख, पंचांच्या सह्या, दोऱ्यानं बांधून लाखेचं सील मारायचं आणि सीलचा छाप वेगळ्या कागदावर घ्यायचा. मग ते मालखान्यात, म्हणजे ठाण्यातल्या जप्त माल ठेवायच्या खोलीत, जमा, रजिस्टरला नोंद. मग पोलीस ते लॅबला घेऊन जाणार, बेंगळुरूला मडिवाळची राज्याची मोठी लॅब म्हटली तर बेळगावापासून पाचशे किलोमीटर. ह्या साखळीत एक नोंद राहिली, एक सील सैल निघालं, उन्हाळ्यात पाकीट नुसतं कपाटात पडून राहिलं, तर पुढं लॅबमध्ये कितीही महागडं मशीन असू दे, रिपोर्टचा भरवसा गेला. दिल्लीच्या छावला इथल्या एका पोरीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात २०२२ च्या नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टानं फाशी झालेल्या तिघांना सोडलं, त्यात डीएनएचे नमुने बरेच दिवस पोलिसांच्या मालखान्यात पडून होते आणि रिपोर्ट कशाच्या आधारावर केलाय हे खालच्या कोर्टांनी तपासलंच नव्हतं, ही दोन्ही कारणं होती. २०२५ च्या जुलैत आणखी एका फाशीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाला देशभरासाठी सांगावं लागलं की नमुना ४८ तासांत लॅबला पोचला पाहिजे, कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला त्याचं रजिस्टर पाहिजे आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय पाकीट परत उघडायचं नाही. छावल्याच्या त्या पोरीच्या आईबापाला न्याय मिळाला का, नाही मिळाला. साखळी तुटली की आरोपी आणि पीडित दोघांचंही वाटोळं होतं.

ह्यानंतरचा मुद्दा आपल्या भागाला सगळ्यात जवळचा आहे, नात्यागोत्याचा. डीएनए तुमच्या एकट्याचा नसतोच. २०१८ ला कॅलिफोर्निया पोलिसांनी चाळीस वर्षांपूर्वीचा एक खुनी पकडला, तो स्वतः एकेकाळचा पोलीस निघाला. त्याचा डीएनए कुठल्याच सरकारी यादीत नव्हता. त्याच्या लांबच्या चुलत-मावस भावंडांनी आपली वंशावळ शोधायला हौसेनं एका वेबसाइटवर डीएनए टाकला होता, त्यावरून पोलीस त्याच्यापर्यंत पोचले. गुन्हेगार सापडला हे चांगलंच झालं. खरं आता आपलं बघा, खानापूर तालुक्यातल्या घरातली आत्या चंदगडला दिलेली, मामा गडहिंग्लजला, चुलता गोव्यात फोंड्याला कामाला, बहीण निपाणीत. नंदगडच्या एका पोराचं प्रोफाइल गेलं की तीन राज्यांत पसरलेलं सगळं कूळ थोडंथोडं त्या यादीत गेलं, त्यांना कुणी विचारलेलं नसताना. बोटाच्या ठशात ही गोष्ट नव्हती. बापाच्या ठशावरून पोराला पकडता येत नाही.

आणि एका कामासाठी दिलेला नमुना दुसऱ्या कामाला वापरायचा मोह कुणालाच आवरत नाही. २०२२ ला सॅन फ्रान्सिस्कोत उघडकीला आलं की एका बाईनं काही वर्षांपूर्वी स्वतःवर झालेल्या बलात्काराच्या तपासासाठी जो डीएनए दिला होता, तोच वापरून पोलिसांनी तिला एका चोरीच्या केसमध्ये आरोपी केलं. केस मागं घ्यावी लागली. खरं हे वाचल्यावर उद्या एखादी पोरगी तक्रार द्यायला दहा वेळा विचार करेल की नाही? म्हणून पीडितेचा, बेपत्ता माणसाच्या नातेवाइकाचा, संशयिताचा आणि शिक्षा झालेल्याचा नमुना वेगवेगळ्या कप्प्यात आणि वेगवेगळ्या नियमात पाहिजे. २०१९ च्या डीएनए विधेयकात निदान असे वेगळे कप्पे लिहिले होते आणि लॅब्जवर लक्ष ठेवायला एक बोर्ड होतं. ते विधेयक संसदीय समितीकडं गेलं, २०२१ ला समितीनं रिपोर्ट दिला, आणि २०२३ च्या जुलैत सरकारनं ते मागंच घेतलं. म्हणजे आज देशात डीएनएसाठी म्हणून वेगळा कायदा नाही, नमुना घ्यायची ताकद देणारा २०२२ चा कायदा मात्र आहे.

आता तो कायदा आपल्याला कुठं कुठं लागतो ते बघूया, आणि हे सावकाश वाचा. आंदोलनातल्या पोरांचे डीएनए घेतलेत असं मी म्हणत नाही, कायदा काय करू देतो तेवढंच सांगतोय.

शिक्षा झालेला माणूस, कुठल्याही गुन्ह्यात अटक झालेला माणूस, प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आत घेतलेला माणूस, आणि शांतता राखायचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड द्यायचा हुकूम झालेला माणूस, ह्या सगळ्यांची मापं घेता येतात. शेवटचा प्रकार म्हणजे आपली १०७, नवीन बीएनएसएसमध्ये, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ती १२६ झालीय आणि बॉण्डचा हुकूम ११७ खाली व्हायचा तो आता १३६ खाली होतो. नुसती नोटीस आली म्हणून मापं घेता येत नाहीत, बॉण्डचा हुकूम झाला पाहिजे. नुसता जमावबंदीचा हुकूम मोडला, म्हणजे जुनं १४४, किंवा आधीच उचलून ठाण्यात बसवलं, म्हणजे जुनं १५१, तर दुसरा गुन्हा लावल्याशिवाय मापं घ्यायची नाहीत असं २०२२ च्या नियमांत आहे. हे संरक्षण नियमांत आहे, कायद्यात नाही. नियम सरकार बदलू शकतं.

अटक झालेल्याला एक मोठी सवलत आहे आणि ती प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ पाहिजे. गुन्हा बाईविरुद्ध किंवा लहान मुलाविरुद्ध नसेल आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा नसेल, तर जैविक नमुना द्यायची सक्ती करता येत नाही. बोटांचे ठसे, फोटो द्यावेच लागतात, रक्त आणि थुंकी नाही. बेकायदा जमाव, दोन गटांत तेढ, घोषणाबाजी असले गुन्हे सात वर्षांच्या खालचे आहेत. खरं दगडफेक झाली आणि खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावलं, जुनं ३०७, की ही सवलत गेली, मग पुढं चार्जशीटमधून ते कलम उडालं तरी नमुना गेलेला असतो. शिवाय 'तुला नाही म्हणायचा हक्क आहे' असं पोलिसांनी सांगायलाच पाहिजे असं कायद्यात लिहिलेलं नाही. आणि सवलतीची भाषा नीट वाचली तर ती 'गुन्ह्यात अटक झालेल्या' माणसासाठी आहे, बॉण्डचा हुकूम झालेल्याचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे काहीच गुन्हा न केलेला, फक्त शांतता राखतो म्हणून लिहून देणारा माणूस मारामारीत अटक झालेल्यापेक्षा उघडा पडतो. ही फट मला सगळ्यात जास्त खटकते आणि आपल्या वकिलांनी कोर्टात मांडायला पाहिजे ती हीच.

सुटल्यावर काय? कायदा म्हणतो, आधी कधी शिक्षा न झालेला माणूस खटल्याशिवाय सुटला, डिस्चार्ज झाला, म्हणजे आरोप ठेवण्याआधीच कोर्टानं सोडला, किंवा निर्दोष ठरला, तर सगळ्या अपिलांची दारं संपल्यावर रेकॉर्ड नष्ट करायचं, मॅजिस्ट्रेटनं कारण लिहून वेगळं सांगितलं नाही तर. ऐकायला बरं वाटतं. खरं सरकारनं अपील केलं की ते वर्षानुवर्षं चालतं, तोवर रेकॉर्ड राहणार. ते आपोआप पुसलं जाईल असंही नाही, नियमांप्रमाणं राज्यानं नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडं अर्ज करायचा, तो बघणार की दुसऱ्या केसशी ह्याचा संबंध नाही ना, मग तो एनसीआरबीला कळवणार. आणि 'आधी कधी शिक्षा न झालेला' ही अट बघा. आपल्याकडं किती जण वैतागून, तारखांना कंटाळून, गुन्हा कबूल करून पाचशे-हजार दंड भरून मोकळे होतात! मोकळे होत नाहीत हो. ती शिक्षाच धरली जाते, आणि त्या कलमाला कैदेची तरतूद असली तर पुढच्या केसमध्ये तुम्ही स्वच्छ निर्दोष सुटलात तरी रेकॉर्ड पुसायचा हक्क उरत नाही. पुढच्या वेळी कुणी 'दंड भरून टाक' म्हटलं तर हे आठवा.

भाषेचं तर बोलायलाच पाहिजे. ठाण्यातला पंचनामा कन्नडमध्ये, दवाखान्यातला संमतीचा कागद कन्नडमध्ये नाहीतर इंग्लिशमध्ये, आणि सही करणारा मराठी शाळेत शिकलेला शेतकरी. त्यानं कशावर सही केली? माझा कन्नडला विरोध नाही, माझे शेजारी कन्नड आहेत आणि आमचं रोजचं येणंजाणं आहे, खरं न समजलेल्या कागदावरच्या सहीला संमती कसं म्हणायचं? हाच प्रश्न कोल्हापुरात अडकलेल्या अथणीच्या कन्नड माणसाचाही आहे. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं की अटकेची कारणं माणसाला लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत द्यायला पाहिजेत. ते अटकेच्या कारणांपुरतं आहे, खरं रक्त घेताना त्यापेक्षा कमी चालेल असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

पारधी, कंजारभाट ह्या आपल्या लोकांना तर हे सगळं माहितीये. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, हुबळीला, सोलापूरला सेटलमेंट करून तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली. १९५२ ला कायदा गेला, हजेरीची सवय गेली नाही. कुठं चोरी झाली की पहिली गाडी त्यांच्याच वस्तीवर. ज्यांना जास्त उचलतात त्यांचेच नमुने जास्त जमणार, ज्यांचे नमुने जास्त त्यांच्यातलेच जास्त सापडणार, मग म्हणायचं बघा, डेटाच सांगतोय. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२४ ला जेलमधल्या जातिभेदावर निकाल देताना पोलिसांना बजावलं होतं की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करायची नाही. त्यात डीएनएची भर पडली तर एका पिढीवरचा शिक्का पुढच्या पिढीच्या रक्तात शोधला जाईल.

हक्काच्या बाजूनं कोर्टात काय आहे? १९६१ ला ११ न्यायाधीशांनी सांगितलं की ठसे किंवा हस्ताक्षर देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, त्यामुळं त्या वाटेनं डीएनएला अडवणं अवघड आहे. २०१० ला आपल्याच राज्याच्या केसमध्ये, सेल्वी विरुद्ध कर्नाटक, कोर्टानं संमतीशिवाय नार्को टेस्ट बंद केली. आणि २०१७ ला ९ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, ती केस करणारे के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश होते. त्या निकालाप्रमाणं सरकारला खाजगीपणात घुसायचं असेल तर कायदा पाहिजे, योग्य कारण पाहिजे आणि कारणाच्या मानानं घुसखोरी जास्त नको. बॉण्ड लिहून दिलेल्या माणसाचा डीएनए ७५ वर्षं ठेवणं ह्यातल्या तिसऱ्या कसोटीला उतरत नाही असं माझं ठाम मत आहे.

तोवर करायचं काय, तर केस सुटली की निकालाची सर्टिफाइड कॉपी काढून ठेवा, वकिलाला सांगा की डिस्चार्जच्या नाहीतर केस रद्द करायच्या अर्जातच 'घेतलेली सर्व मापं व नमुने नष्ट करावेत' ही एक ओळ मागणीत घाला, आणि नंतर नोडल अधिकाऱ्याला क्राइम नंबर, ठाणं, तारीख लिहून अर्ज द्या. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणं गाऱ्हाण्याचा अर्ज देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, म्हणजे मराठीत चालतो, पोच मात्र घ्या. आणि महाराष्ट्र एकीकरण समितीनं, वकील मंडळींनी मिळून एक माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या ठाण्यांतून २०२२ पासून किती जणांची मापं एनसीआरबीला गेली, त्यात जैविक नमुने किती, बॉण्डवाले किती, पुसायचे अर्ज किती आले आणि खरोखर पुसली किती.